अलिप्ततेचे लेखन : जुन्नर-आंबेगावचे महादेव कोळी आणि त्यांच्याविषयीच्या नोंदी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस, घाटमाथ्याच्या कडेकडेने राहणाऱ्या महादेव कोळ्यांविषयीची पहिली सविस्तर लिखित संहिता ज्याने सिद्ध केली तो अभ्यासक म्हणून या डोंगरांत आलेला नव्हता. तो त्यांना पकडण्यासाठी आलेला होता. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा मद्रास पायदळाचा अधिकारी अहमदनगरच्या पोलीस दलावर नेमला गेला. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे आणि रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी जो उठाव केला, तो मोडून काढण्याच्या कामगिरीत त्याचा मोठा वाटा होता. रामा किरवा याला अहमदनगर येथे फाशी झाली. पुढे काही वर्षांनी मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर लिहिलेला दीर्घ निबंध बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्याआधी १८३३ मध्ये याच गृहस्थाने रामोशांवर एक ग्रंथ लिहिला होता आणि त्यात उमाजी नाईकाचे चरित्र समाविष्ट केले होते. उमाजीला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली होती. आधी पाठलाग, मग फाशी आणि त्यानंतर निबंध, असा हा क्रम दोन्ही ठिकाणी आढळतो. ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधाविषयी फूको किंवा सैद यांची साक्ष काढण्याची गरज पडू नये इतका तो उघड आहे.

म्हणून मॅकिंटॉशची संहिता खोटी ठरते असे मात्र नाही. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये बंडखोरीविरोधी गद्याची जी चिकित्सा केली, तिचे अनुकरण करताना अनेक अभ्यासक एक घाई करतात. वसाहतवादी अधिकाऱ्याने लिहिले म्हणजे ते केवळ सत्तेचे बोलणे, असा निवाडा देऊन ते मोकळे होतात. मॅकिंटॉश हा चौकस माणूस होता. ज्यांच्यावर त्याने बंदुका रोखल्या, त्यांच्याकडूनच त्याने कुळे, देवके, न्यायपंचायत आणि पूर्वजांच्या कहाण्या ऐकून घेतल्या. त्या ऐकलेल्या भागात असे पुष्कळ आहे की जे त्याच्या स्वतःच्या चौकटीला पुरून उरते. त्याची संहिता बारकाईने वाचली तर ती ‘अलिप्त रानटी जमाती’ची कल्पना सिद्ध करण्याऐवजी मोडीत काढते. पुढील दीडशे वर्षांत मात्र तिच्यातून नेमका उलटा अर्थ काढला गेला. आजच्या महादेव कोळ्याला आणि त्याचा शेजारी असलेल्या ठाकराला या वाचनाची किंमत न्यायालयात मोजावी लागते. हे कसे घडले, हा येथील विचाराचा विषय आहे.

प्रथम, संहितेत काय आहे ते पाहणे इष्ट. बहामनी अमलात हा सारा मुलूख ‘बावन मावळ’ म्हणून ओळखला जाई, प्रत्येक खोऱ्यावर एक कोळी नाईक असे, आणि या सर्व नाईकांच्या वर जुन्नर येथे सरनाईक हा अधिकारी असे, अशी परंपरा मॅकिंटॉशने नोंदविली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरने ती उचलली. कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर ही नद्यांवरून पडलेली खोऱ्यांची नावे आजही या भागात टिकून आहेत. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने कोंढाणा किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तो नागनाईक नावाच्या कोळी सरदाराच्या ताब्यात होता आणि कित्येक महिने झुंजला, हे फार्सी तवारिखांतही आलेले आहे. म्हणजे ज्या समाजाला पुढे ‘जंगलात दडलेली जमात’ म्हटले गेले, तो मध्ययुगात किल्ले राखणारा, महसुलाच्या साखळीत बसलेला आणि दिल्लीच्या फौजेला अडविणारा समाज होता.

त्याहून मागे जायचे तर नाणेघाट आहे. जुन्नरच्या पश्चिमेस घाटघरजवळचा हा घाट म्हणजे सातवाहनकाळी कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारी वाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यातील नागनिकेचा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतील दानलेखांत यवन दात्यांचीही नावे येतात. घाटघर आणि परिसरातील डोंगरवाड्यांत आज महादेव कोळी राहतात. तेच सातवाहनकाळापासून तेथे आहेत असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण त्यांची स्वतःची परंपरा त्यांना बालाघाटातील महादेवाच्या डोंगरांतून आलेले मानते, आणि त्यांच्यापूर्वी येथे घडशी व गवळी होते असेही सांगते. परंतु ज्या भूमीत ते राहतात ती भूमी कधीच जगापासून तुटलेली नव्हती, एवढे निश्चित. दोन हजार वर्षांचा हमरस्ता ज्यांच्या दारावरून गेला त्यांना ‘एकाकी’ म्हणणे ही नकाशाचीच चूक आहे.

मॅकिंटॉशने नोंदलेल्या चोवीस कुळांच्या यादीकडेही या दृष्टीने पाहावे. तिच्यात कदम, गायकवाड, चव्हाण, जगताप, दळवी, पवार ही नावे आहेत. मराठा कुळांशी असलेला हा नामसंबंध काही अभ्यासकांना ‘अनुकरण’ वाटतो, काहींना ‘मिश्रण’. या दोन्ही शब्दांत आधी एक शुद्ध अवस्था गृहीत धरलेली असते. मावळातील कुणबी, मराठा आणि कोळी ही नावे एकमेकांपासून आजच्याइतकी दूर नव्हती, असा साधा अर्थ लावण्यास कोणाची हरकत असू नये. सुमित गुहा यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील वनवासी समूह हे राज्यसंस्था आणि शेतकरी समाज यांच्याशी चाललेल्या सततच्या राजकीय देवघेवीतून घडले, असे जे प्रतिपादन केले, त्याला या एका यादीतूनही दुजोरा मिळतो.

न्यायपंचायतीचे वर्णन तर अधिकच बोलके आहे. ‘गोतर्णी’ या नावाच्या या पंचायतीत सहा अधिकारी असत : रगतवान हा प्रमुख, मेटल हा त्याचा दुय्यम, सबला, ढालिया, हाडक्या आणि मडक्या. दोषी माणसाच्या दारावर मेलेल्या गाईचे हाड बांधणे हे हाडक्याचे काम. त्याचे घर बाटले, त्याच्याशी व्यवहार बंद झाला, असा त्या हाडाचा अर्थ. या चिन्हाचा दंड म्हणून उपयोग होण्यासाठी गाय, विटाळ आणि बहिष्कार यांची एक सामायिक अर्थव्यवस्था आधीच अस्तित्वात असावी लागते. ज्याला या अर्थांशी देणेघेणे नाही, त्याच्या दाराला हाड बांधून काय होणार? गोतर्णीच्या रूपाने येथे समोर येते ती भोवतालच्या जातिसमाजाशी एकाच चिन्हभाषेत बोलणारी, तरीही स्वतःचे अधिकारी आणि स्वतःची शिक्षा राखून असलेली संस्था. स्वायत्तता म्हणजे अलिप्तता नव्हे, हा भेद मॅकिंटॉशला सुचला नाही. पण त्याची सामग्री तो करावयास भाग पाडते.

या सामग्रीतील सर्वांत भीषण कथा सतराव्या शतकातील आहे. मोगलांच्या अमलात, जमिनीच्या मोजणीमुळे आणि नव्या करामुळे चिडून, खेमा सरनाईकाने नाईकांना एकत्र केले. मोगल फौज डोंगरांत शिरली, कोळ्यांची कत्तल झाली, कैद्यांना जुन्नरला आणून त्यांची मस्तके मारण्यात आली आणि त्यांच्या राशीवर एक चौथरा बांधला गेला. इंग्रजी नोंदीत तो ‘काळा चबुतरा’ आहे. लोकस्मृतीत तो ‘कोळी चौथरा’ म्हणून शिवनेरी गडावर दाखविला जातो. नाव आणि जागा यांच्या या सरकण्यात एक गोष्ट मात्र ढळत नाही : उठावाचे कारण. मोजणी हे ते कारण. राज्याने जमीन कागदावर आणली आणि डोंगर पेटला, एवढे या परंपरेने जपून ठेवले आहे. शिवनेरीचे पर्यटनविषयक साहित्य या चौथऱ्याला सहसा एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकते.

ज्याला आज अलिप्तता म्हटले जाते, ती प्रत्यक्षात १८१८ नंतरची घटना आहे. पेशवाई संपली, किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, घाटवाटांच्या राखणीचे हक्क आणि नाईकांची वतने आटली. जे लोक किल्ला, घाट आणि बाजार यांच्यामध्ये उभे होते, त्यांच्या पायाखालची ती जागाच काढून घेतली गेली. मग वनव्यवस्था आली. तिचा आरंभबिंदूही याच तालुक्यात आहे, ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या व जुन्नरजवळील हिवरे येथील सरकारी वनस्पती-उद्यानांचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. झाडे तुटली की पाऊस कमी होतो आणि ओढे आटतात, अशी त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी कळकळीने मांडली. या कळकळीचे रूपांतर पुढे १८७८ च्या वनकायद्यात झाले. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, त्यासाठी डहाळ्या तोडणे, डोंगरउतारावर नाचणी-वरईची फिरती शेती करणे, या सर्व नित्यकर्मांना ‘सवलत’ किंवा ‘गुन्हा’ यांपैकी एक नाव मिळाले. जंगलात राहणे हे वेगळेपणाचे लक्षण ठरले ते जंगल सरकारचे झाल्यानंतर.

अलिप्ततेची अशी घडण केवळ सह्याद्रीतच झालेली नाही. जगात आज ज्यांना सर्वांत एकाकी समजले जाते ते अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटाचे रहिवासी; पण १८८० मध्ये एम. व्ही. पोर्टमन हा ब्रिटिश अधिकारी त्या बेटावर उतरला, एक वृद्ध जोडपे आणि चार मुले उचलून पोर्ट ब्लेअरला घेऊन गेला, वृद्ध जोडपे तेथे मरण पावले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. अमेझॉनच्या खोऱ्यातील अनेक ‘संपर्करहित’ समूहांचे पूर्वज रबराच्या तेजीच्या काळातील वेठबिगारीपासून पळून आत शिरलेले होते. संपर्काचा अभाव म्हणून जे दिसते ते पुष्कळदा संपर्काचा परिणाम असते. फरक एवढाच की सेंटिनलच्या रहिवाशांना समुद्राचा आडोसा मिळाला. जुन्नर-आंबेगावच्या कोळ्यांच्या दारात तर सावकार येऊन बसला होता.

सावकाराविरुद्धच्या उठावांचा इतिहास सुपरिचित आहे. त्याचा फक्त एक पैलू येथे प्रस्तुत आहे. १८४४ पासून राघोजी भांगरे यांनी अहमदनगर, पुणे, ठाणे या जिल्ह्यांच्या घाटपट्ट्यात जे बंड उभारले त्याचा रोख सावकारांवर होता. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपूरला राघोजी पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८७३ नंतर आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी तीच वाट धरली. गॅझेटिअर त्यांचा उल्लेख ‘होन्या’ असा करते, सावकारांची नाके कापल्याचे ठळकपणे सांगते आणि १८७६ मध्ये ते पकडले गेल्याचे समाधानाने नोंदविते. याच दरम्यान, मे १८७५ मध्ये, भीमथडी तालुक्यातील सुपे येथून ‘दख्खनचे दंगे’ सुरू झाले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाला असे दिसून आले की जमावाला मुख्यतः हवे होते ते सावकाराच्या घरातील खत : कर्जरोखे. ते हाती पडले आणि जाळले गेले की जमाव बहुधा पांगे. जेथे ते दिले गेले नाहीत तेथेच मारहाण झाली.

सुप्याचे शेतकरी आणि जांभोरीचे कोळी यांना एकाच बंडात कोंबण्याचे कारण नाही. पण दोघांनाही एक गोष्ट समजली होती, जी साहित्याच्या अभ्यासकांना सिद्धान्तग्रंथांतून शिकावी लागली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर लिहिलेल्याची सत्ता सर्वांत जास्त चालते, आणि अंगठ्याच्या त्या ठशाला उत्तर द्यायचे तर संहितेलाच हात घालावा लागतो. नाक कापण्याच्या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. गॅझेटिअरच्या संपादकाला मात्र ते क्रौर्य तेवढे दिसले आणि खत त्याच्या वर्णनात मागे पडले, ही निवड अर्थपूर्ण आहे.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये तीन भागांत निघाले. महादेव कोळ्यांवरील त्यातील मजकूर बराचसा मॅकिंटॉशवर आधारलेला आहे. पण संक्षेप करताना संहितेचे स्वरूपच बदलले. मॅकिंटॉशच्या निबंधात काळ होता : कोणाकडून ऐकले, पूर्वी काय होते, आता काय उरले. गॅझेटिअरच्या ‘लोकसंख्या’ या प्रकरणात प्रत्येक जातीची माहिती एका ठरीव साच्यात ओतली जाते : पोटविभाग, आडनावे, रूप, घर, अन्न, पोशाख, स्वभाव, धंदा, देव, जन्म, विवाह, मृत्यू, पंचायत. शेवटी एखादे वाक्य भवितव्याविषयी. ब्राह्मणापासून कातकऱ्यापर्यंत साचा तोच. क्रियापदे सारी वर्तमानकाळी : ते असे खातात, असे पुरतात, अमुक देव पुजतात. १८२९ च्या धामधुमीत विचारून लिहिलेली गोष्ट १८८५ च्या वर्तमानकाळात आली आणि तेथेच गोठली. पुढे एन्थोव्हेनच्या १९२० ते १९२२ या वर्षांतील ग्रंथांनी हाच साचा वर्णानुक्रमे लावला. इतिहास असलेल्या समाजाचे लक्षणांच्या यादीत रूपांतर झाले ते येथे. आणि कोणी तसे ठरवून केले असेही नाही, संपादनाच्या सोयीने ते घडले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आदिवासींविषयीचा जो गाजलेला वाद झाला त्यात दोन्ही पक्षांनी ही यादी गृहीत धरली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’मध्ये काही समूहांसाठी राखीव उद्यानासारख्या क्षेत्राची कल्पना मांडली, पुढे त्यांनी ती बरीच मवाळ केली. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये तिच्यावर कडाडून हल्ला चढविला : हे लोक वेगळे नव्हेत, ते मागासलेले हिंदूच होत. १९५७ मध्ये घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील स्वतंत्र ग्रंथ आला. १९६० मध्ये ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा. घुर्ये अलिप्ततेची कल्पना नाकारतात तेव्हा ते योग्यच करतात. पण नाते दाखवून देण्याऐवजी ते नाते कोणत्या एका घराचे आहे हेच ठरवून टाकतात, आणि गोतर्णीसारख्या संस्थेची स्वायत्तता त्यांच्या मांडणीत विरघळून जाते. एकाने कुंपण घालावे म्हटले, दुसऱ्याने कुंपण मुळातच नाही म्हटले. डोंगरातल्या माणसाला कोणते कुंपण हवे आणि कोठे, हा प्रश्न दोघांच्याही पुस्तकांबाहेर राहिला.

मराठी ललित वाङ्मयानेही यात आपली भर घातली. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही १९६५ ची कादंबरी आणि तिच्यावरचा १९७७ चा चित्रपट यांनी ठाकरांना मराठी वाचकाच्या मनात कायमचे स्थान दिले. कादंबरीच्या भाषिक सामर्थ्याविषयी दुमत नाही. ठाकराच्या श्रद्धेला ती जे गांभीर्य देते, ते त्या काळातील मराठी कादंबरीत दुर्मीळ होते. पण डोंगर, मधमाशी आणि भगत यांच्या त्या जगात सावकार, वनरक्षक आणि तहसील कचेरी जवळजवळ नाहीत. त्याच सुमारास, १९७० मध्ये, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले. तेथे ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या जीवनात जमीनदार, जंगल ठेकेदार आणि पोलीस पानोपानी आहेत. मराठी समीक्षेने पहिल्या पुस्तकाला ‘साहित्य’ आणि दुसऱ्याला ‘अनुभवकथन’ अशा खणांत ठेवून दोन्ही एकमेकांसमोर वाचण्याचे टाळले. ही विभागणी गॅझेटिअरच्या साच्याहून फारशी वेगळी नाही.

जुन्नर तालुक्यातच जन्मलेले डॉ. गोविंद गारे हे या परंपरेतील पहिले मोठे आतले लेखक. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषविले, सह्याद्रीतील महादेव कोळ्यांवर ग्रंथ लिहिला, आदिवासी साहित्याच्या चळवळीला बळ दिले. त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे. एकीकडे त्यांना राघोजींना दरोडेखोरांच्या यादीतून काढून स्वातंत्र्यलढ्यात आणावयाचे होते, म्हणजे समाजाला इतिहास परत द्यावयाचा होता. दुसरीकडे, अनुसूचित जमातीच्या सवलतींवर इतर कोळी जाती दावा सांगत असताना, खरा महादेव कोळी कोण हे सांगण्यासाठी त्यांना लक्षणांची यादीही लागत होती. एकाच लेखणीला काळ चालवावा लागला आणि थांबवावाही लागला.

लेखनाबाहेरचा हस्तक्षेप दरम्यान थांबलेला नव्हता. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणे जुन्नर-आंबेगाव भागातील. त्यांच्या पाण्याचा मोठा वाटा पूर्वेकडे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याचे नाव अजून आंबेगावच आहे आणि कचेरी घोडेगावला. १९८५ मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. ज्या वनात शेकरू टिकले ते वन देवरायांच्या धाकाने टिकले होते. पण अधिसूचनेने राखणदार म्हणून नेमले ते वनखात्याला. डिंभ्याच्या विस्थापितांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला आणि पडकईची, म्हणजे एकमेकांच्या शेतावर राबून उतारावर भातखाचरे पाडण्याची, जुनी रीत पुन्हा उभी केली. या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दोनच वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या जागी त्याला गाव दिसले नाही. त्यानंतरच्या वृत्तांकनात पडकईचे नाव संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. हाताने पाडलेली खाचरे आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांतील अंतर अनेक बातम्यांनी पाळले नाही. पुरस्काराच्या कागदावरचा शब्द अपघाताच्या कागदावर गेला तेव्हा त्याचा अर्थ पालटला, आणि दोन्ही वेळा तो अर्थ ठरविणारे पडकई करणारे नव्हते.

शब्दाचा अर्थ दुसऱ्याने ठरविण्याची परिणती न्यायालयीन व्यवहारात दिसते. १९५६ च्या सुधारित अनुसूचीत काही जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. ठाकर-ठाकूर यांच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील ते तालुके म्हणजे आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ आणि मुळशी. डोंगर ओलांडला की माणूस आदिवासी राहत नसे. १९७६ च्या सुधारणा कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठविली. मग राज्यभरातून दावे येऊ लागले, त्यांतील कित्येक खोटेही होते, आणि आंबेगावच्या कोळ्याची जागा बळकावली जाण्याची भीती खरी होती. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी असल्याचा एक दावा फेटाळताना देशभरासाठी पडताळणीची पद्धत घालून दिली. चौकशी अधिकाऱ्याने अर्जदाराची मानववंशीय लक्षणे, देवता, विधी, चालीरीती, विवाहाची पद्धत, मृत्यूचे संस्कार, प्रेत पुरण्याची रीत इत्यादी तपासावे, असे त्यात सांगितले आहे. यालाच ‘आप्तभाव चाचणी’ म्हटले जाऊ लागले. महाराष्ट्राच्या पडताळणी कायद्याने, तो विधिमंडळाने २००० मध्ये संमत केला आणि २००१ चा अधिनियम म्हणून आला, या व्यवस्थेला वैधानिक रूप दिले.

देव, विवाह, मृत्यू, पुरण्याची रीत. १८८५ च्या गॅझेटिअरमधील परिच्छेदांचा क्रम येथे प्रश्नावलीचा क्रम झाला आहे. निकालाचा हेतू खऱ्या आदिवासीच्या संरक्षणाचा होता आणि त्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या पद्धतीत अर्जदाराची तुलना होते ती त्याच्या आजोबांशी नव्हे, एका पोलीस अधिकाऱ्याने ऐकलेल्या आणि एका संपादकाने वर्तमानकाळात गोठविलेल्या वर्णनाशी. निमगिरीच्या किंवा आहुप्याच्या मुलाने पुण्याच्या वसतिगृहात राहून शिकावे, अशी राज्याची योजना. आणि शिकून आल्यावर त्याने आपल्या कुळाचे देवक व पुरण्याची रीत बिनचूक सांगावी, अशी त्याच राज्याची अपेक्षा. ज्याने ग्रंथ वाचला आहे तो खोटा दावेदार ही परीक्षा सहज उत्तीर्ण होऊ शकतो. ज्याने फक्त जगून पाहिले आहे त्याला ती अवघड जाते.

२४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील आदिवासी ठाकूर समाजाच्या एका संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. स्थलांतर आणि आधुनिकता यांमुळे जुनी लक्षणे पुसट होतात, हे न्यायालयाने मान्य केले आणि संविधानपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन दिले. लक्षणाकडून कागदाकडे झालेला हा प्रवास शहाणपणाचाच आहे. मात्र जो कागद मागितला जातो तो बहुधा शाळेच्या दाखल्याचा किंवा महसुली नोंदीचा असतो. भीमाशंकर ते नाणेघाट या पट्ट्यातील वाड्यांपर्यंत शाळा उशिरा पोचली, जमिनी पुष्कळशा सावकाराच्या किंवा सरकारच्या नावावर गेल्या, आणि जुन्या दाखल्यांवर लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा नुसते ‘कोळी’ असे एकच अक्षरयुग्म लिहून ठेवले आहे. ‘महादेव’ हा शब्द त्याने का गाळला, याचे उत्तर आता अर्जदाराने द्यावयाचे असते.